बकरीचं दूध

केळवे, १७ नोव्हेंबर १९६६

चि. प्रेमला हिला आशीर्वाद.

हे पत्र पोस्टात पडणार नाही. तुझा पत्ता मासळीवाल्या लाडकीला ठाऊक आहे आणि लाडकी सांगत नाही, म्हणून तुझ्या शाळेच्या वहीत मागच्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. पुढच्या पानांवर तुझी गणितं आहेत. निम्मी चुकली आहेत, पण अक्षर सुरेख आहे.

त्याच अक्षरातलं कार्ड आज माझ्या हातात पडलं. मला आलेलं नव्हे, साप्ताहिकाला आलेलं. ते साप्ताहिक चालवणाऱ्या नरहरी मास्तरांनी पालघरहून धाडून दिलं. 'चुलीजवळून हे सदर लिहिणाऱ्या बाईंस कळवावे की केळ्याच्या उंबरांत पाणी घालत नाहीत. केळ्याचंच पाणी पुरतं. पाणी घातलं की उंबर तेल पितं. एक वाचक.' नाव नाही, गाव नाही, पोस्टाचा शिक्का पुसट. मास्तरांनी कडेला शाईनं लिहिलंय, 'वहिनी, वाचक जागे आहेत. जपून.'

वाचक कोण ते मला कोणी सांगायला हवं का, बाय? तू पहिल्यांदा उंबरं, ती केळ्याची गोड भजी, तळलीस तेव्हा पिठात पाणी ओतलं होतंस आणि मी तुझ्या हातावर चापट मारून हेच म्हटलं होतं, तेल पितं म्हणून. कार्ड घेऊन मागच्या दारी गेले आणि पोटभर रडले. तुझ्या बाबांनी विचारलं तर चुलीच्या धुरावर ढकललं. चूल पेटलीच नव्हती. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

उंबरांत पाणी मी कसं लिहिलं म्हणशील, तर तो मजकूर लिहिला त्या दिवशी तुझा वाढदिवस होता. एकविसावा. माझं चित्त जाग्यावर नव्हतं.

म्हणजे कागद पोचतात तर. हे मला आजवर ठाऊक नव्हतं. तू महादूबरोबर गेलीस त्याला दीड वर्ष झालं. जाताना लाडकीच्या गळ्याला हात लावून तू तिला आन घातलीस, माईला पत्ता द्यायचा नाही आणि माईची चिठी आणायची नाही. ती सातपाटीची बाई, आन मोडणार आहे थोडीच. तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं होतं. शेवटी एक दिवस मासळीची टोपली उतरवता उतरवता तीच म्हणाली, "चिठी नाय नेणार, माई. पन मी पोरीला सुके बोंबील पाठवते, त्यांना बांधाला कागद लागतंच. कागदावर काय छापलंय ते मला अडाणीला काय ठावं?" दुसऱ्या दिवशी मी एसटीनं पालघर गाठलं आणि मास्तरांच्या छापखान्यात जाऊन म्हटलं, मला तुमच्या साप्ताहिकात दर आठवड्याला लिहायचंय.

तेव्हापासून 'चुलीजवळून' चालू आहे. सुरुवातीला 'प्रिय बाय' असतं. लोकांना वाटतं, ही माईंची लिहिण्याची ढब. माहीम, वाणगाव, बोईसरच्या बायका वाचतात म्हणे, सुनांना वाचून दाखवतात. वाचोत बापड्या. मी एकीसाठी लिहिते.

बाबा बरे आहेत. तुझं नाव काढत नाहीत. परवा एक करडू कुंपण ओलांडून पानवेलीत शिरलं, तेव्हा मात्र चुकून बोलून गेले, "आमची प्रेमला अशीच. बकरीच्या दुधावर वाढलेली, तिला कुंपण कसलं." मग दुपारभर ते कुंपण बांधत बसले.

तुझी माई


केळवे, १२ डिसेंबर १९६६

बाय,

एक कबूल करते. उंबरांत पाणी पडलं ते चुकून, पण त्यानंतरच्या चुका मी मुद्दाम केल्या आहेत.

म्हटलं, चुकीला कार्ड येत असेल तर चुकावं. आधी लिहिलं, सुक्या बोंबलाची चटणी करताना बोंबील आदल्या दिवशी भिजत घालावेत. पालघरच्या बाजारात कोळणींनी मला घेरलं. "वा माई, बोंबील भिजवून चटणी? सगल्या गावाचे दात पडले काय?" मी हसून वेळ मारून नेली. मग लिहिलं, वालाला मोड यायच्या आधीच सोलून घ्यावेत. वाणगावच्या एका बाईंनी तीन पानी पत्र पाठवून माझी अक्कल काढली. मी अक्षर पाहिलं आणि पत्र बाजूला ठेवलं. तुझं नव्हतं. तुझं कार्ड आलंच नाही. तू ओळखलंस का, की ही माईची आमिषं आहेत? तू लहानपणीसुद्धा गळाला लागत नव्हतीस.

पण आज लाडकी आली ती हसतच. टोपली उतरवायला मी हात दिला तर म्हणाली, "माई, तुमची पोर पोटुशी हाय. पाचवा सरला."

मी म्हटलं, "अगं, आणि आन?"

"आन पत्त्याची हाय, चिठीची हाय. पोटाची नाय."

मी तिथेच पायरीवर बसले. हातातलं पापलेट मांजरानं ओढलं तरी कळलं नाही. लाडकी पण बसली. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिच्या हाताला वास होता मासळीचा, तो मला इतका ओळखीचा आहे की मी डोळे मिटून घेतले. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन.

या आठवड्याचा मजकूर आताच लिहून संपवला. पोटुशीनं काय खावं, काय टाळावं, कुशीवर कसं निजावं, पहिल्या बाळंतपणाची भीती कशी वाटते आणि ती कशी जाते. यात एकही चूक नाही. पुढेही नसेल. तुझ्या पोटातल्या जिवाची गोष्ट आहे, तिथे मी खेळ करणार नाही. शब्दन्‌शब्द पाळ.

तुझी माई


केळवे, २० जानेवारी १९६७

प्रेमला,

आज आपल्या दारात जीप आली. मुंबईचे एक गृहस्थ बोईसरहून आले होते. तारापूरच्या अणुवीजघराच्या कामावर देशभरची माणसं आली आहेत, बोईसर स्टेशनबाहेर आता हिंदीशिवाय ऐकू येत नाही, आणि त्या सगळ्यांना बायकामुलं आहेत. हे गृहस्थ तान्ह्या मुलांच्या दुधाची भुकटी विकणाऱ्या कंपनीचे. डब्याचं नाव मी या वहीतही लिहीत नाही. नाव लिहिलं की जाहिरात झाली.

माणूस गोड बोलणारा. 'चुलीजवळून'ची कात्रणं त्यानं वहीत चिकटवून आणली होती. म्हणाला, "माई, तुमच्या शब्दावर बायका मुलं वाढवतात. आम्ही पानभर जाहिरात दिली तरी कोणी वाचत नाही. तुम्ही बायला लिहिता ना, त्यातच दोन ओळी लिहायच्या. जाहिरात वाटता कामा नये. आईनं लेकीला सांगितल्यासारखं."

त्याच्यासाठी दरमहा मानधन, आणि वर्ष झालं की या सगळ्या लेखांचं पुस्तक. कापडी बांधणीचं. खर्च कंपनीचा, मागच्या पुठ्ठ्यावर डब्याचं चित्र तेवढं.

बाबा ओटीवर बसून ऐकत होते. आजवर त्यांनी माझ्या लिहिण्याला 'माईचं रिकामपण' म्हटलंय. आज मात्र पाहुण्याला स्वतः शहाळं फोडून दिलं. जीप गेल्यावर मला म्हणाले, "लिही की. दोन ओळींनी तुझं काय झिजतंय?"

मी नाही म्हणून सांगितलं. माझ्या लेकीच्या पत्रात तिसऱ्या माणसाच्या ओळी मी लिहिणार नाही, असं सांगितलं. बाबा रागावले. रागावोत.

लाडकी म्हणते, तुझे पाय सुजतात. निजताना उशी पायाखाली घे. हे छापील मजकुरातही लिहिलं आहे, पण तिथे सगळ्यांसाठी लिहावं लागतं. तुझी पावलं कशी आहेत, उजव्या अंगठ्याचं नख आत वळतं, हे सगळ्यांना कुठे ठाऊक?

माई


केळवे, ६ फेब्रुवारी १९६७

प्रेमला,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. जे पत्र कोणी वाचणार नाही त्यातसुद्धा मला खोटं लिहावंसं वाटलं, बघ.

मी नाही म्हटलं नव्हतं. आठ दिवस द्या म्हटलं होतं. मला ते पुस्तक हवं होतं. माझं नाव पुष्पलता आहे हे या गावात किती जणांना ठाऊक असेल? लग्नाआधी माहीमच्या शाळेत दोन वर्षं शिकवत होते, तेव्हा हजेरीच्या पानावर लिहायची, त्यानंतर नाही. कापडी पुठ्ठ्यावर ते नाव कसं दिसेल हे मी ताटात भात वाढतानाही बघत होते. आणि दुसरं, पुस्तक छापील असतं. लाडकीच्या आनेत बसतं. चुरगळलेल्या कागदाऐवजी तुझ्या हातात अख्खं पुस्तक गेलं असतं, उशाशी ठेवण्याजोगं. हा विचार आला की मला डबा फार चांगला वाटायला लागायचा.

मग दोन ओळी लिहून पाहिल्या. 'बाय, अंगावरचं कमी पडलं तर जिवाला लावून घेऊ नकोस,' असं करून पुढे डबा आणला. इतक्या सहज जमल्या की मलाच धडकी भरली. तू वाचून डबा आणला असतास. डबा वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगला की वाईट हे मला ठाऊकच नाही, आणि तरी माझ्या हातानं तो चांगला लिहिला गेला. पायाखाली उशी घे हे माझं वाक्य आणि डबा आण हे त्यांचं वाक्य एकाच अक्षरात छापून आल्यावर तू कशावर विश्वास ठेवशील? मी तो कागद चुलीत घातला.

नकार सांगायला पालघरला गेले. मास्तरांचा छापखाना निवडणुकीच्या पत्रकांनी गळ्यापर्यंत भरलेला. कंपनीची वर्षाची जाहिरात माझ्या होकारावर अडली होती, हे मला तिथे कळलं.

मास्तर म्हणाले, "वहिनी, बोंबील तुम्ही भिजवलेत, वाल मोडाआधी सोललेत. मी पोरखेळ समजून छापलं. ते खोटं चालतं, आणि हे चालत नाही?"

"ते माझं खोटं होतं," मी म्हटलं. "त्याचे मला कोणी पैसे दिले नव्हते."

उत्तर लंगडं होतं. वाणगावच्या त्या बाईंचे वाल माझ्यापायी वाया गेले असतील तर मी काय भरून देणार? एसटीत बसून सगळा वेळ मी हेच मनात घोळवत आले. मास्तर काही वाद घालत बसले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "बरं, राहिलं." ते इतक्या लवकर मानतील असं मला वाटलं नव्हतं.

माई


केळवे, ४ मार्च १९६७

बाय, बाय गं,

या आठवड्याच्या 'चुलीजवळून'मधल्या शेवटच्या ओळी माझ्या नाहीत. मास्तरांनी घातल्या आहेत.

माझा मजकूर मला पाठ असतो, म्हणून मी छापलेला वाचायला बसत नाही. अंक आला तशी लाडकी घेऊन गेली. आज दोन दिवसांनी तुझ्या बाबांनी दुसरी प्रत वाचायला घेतली आणि ओटीवरून हाक मारली. 'बाय, तुझ्या वेळी मला दूध आलं नाही. अशाच डब्याच्या दुधावर मी तुला वाढवली, आणि बघ कशी ठणठणीत आहेस.' पुढे डब्याचं नाव, आणि बोईसरला कोणत्या दुकानात मिळतो ते.

मी तशीच सातपाटीला धावले. लाडकी ओट्यावर बोंबील निवडत होती. ती म्हणाली, पुडकं कालच मुंबईला गेलं, आज कोकणच्या बोटीवर चढलं असेल. समुद्रावरून ते परत कसं आणू?

घरी आले तर बाबा म्हणतात, "डबा कुठून काढला यांनी? आपली बकरी होती ना? मास्तरला म्हणावं खुलासा छाप. बकरी होती म्हणून लिही."

आता लिहितेच. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, आणि तरी मी ते कधी शब्दात आणलेलं नाही.

तू महिन्याची होतीस तेव्हा मला विषमज्वर झाला. अंगावरचं दूध बंद. बाबा तेव्हा मुंबईला नोकरीत, रविवारी यायचे. तुझ्या आजीनं दोन गोष्टी ठरवल्या. पोर जगली पाहिजे आणि गावाला कळता कामा नये. दाराशी एक बकरी आणून बांधली. आणि लाडकी, तिचं स्वतःचं मूल नुकतंच गेलेलं, ती रोज मासळीची टोपली घेऊन मागच्या दारानं यायची, गोठ्यामागे बसून तुला पाजायची. बकरीचं दूध आजीच प्यायची. बाबांना आजही वाटतं की तू बकरीवर वाढलीस.

तू पंधरा वर्षांची झालीस तेव्हा लाडकीनं तुला सांगितलं. तू मला कधी विचारलं नाहीस, मी सांगेन म्हणून वाट बघितलीस. मग महादूचं नाव निघालं. लाडकीच्या आळीतला, इंजिनाचं काम शिकलेला, निर्व्यसनी पोरगा. ओटीवर बाबा म्हणाले, "त्या घरचं पाणी आपल्या घराला चालत नाही." तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच पाहिलंस. मी सुपात तांदूळ पाखडत होते, मान वर केली नाही. सुपात एकही खडा नव्हता. मी एक वाक्य बोलले असते तर तू पुढच्या दारानं, हळद लावून गेली असतीस.

आणि आता तुझ्या हातात तो कागद पडेल. त्यात तुझी माई पुन्हा तेच करते आहे, लाडकीला पुसून टाकते आहे, आणि या वेळी पैसे घेऊन. तू असंच समजशील. मी तुझ्या जागी असते तर मीही असंच समजले असते.

माई


केळवे, २१ मार्च १९६७

प्रेमला,

मी पालघरला जाऊन आले. मास्तरांशी भांडायचं असं ठरवून गेले होते, पण ते कानापर्यंत लाल झालेले. म्हणाले, "कागदवाला उधारी मागत दारात बसला होता, वहिनी. म्हटलं दोनच ओळी. तुमच्या अंगावरच्या दुधाची खरी गोष्ट मला काय ठाऊक?"

"दुरुस्ती छापा."

"ती नाही छापता येणार. कंपनी जाहिरात काढून घेईल, अंक बंद पडेल."

तेवढ्यात माझी नजर शेवटच्या पानाच्या मुद्रितावर गेली. तिथे 'जाहीर नोटीस' असतात ना, जमीन विकणे, म्हैस हरवणे. मी म्हटलं, "इथे पैसे देईल त्याचं छापता. मग माझंही छापा." मास्तरांनी सदरासाठी दिलेली दीड वर्षाच्या मानधनाची पाकिटं मी उघडलीच नव्हती. परत करायला बरोबर आणली होती, ती होती तशी टेबलावर ठेवली. ज्या साप्ताहिकात पैसे घेऊन लिहायला मी नाही म्हटलं, त्याच साप्ताहिकात पैसे देऊन लिहिते आहे, हे मनात आलं आणि हसूही आलं.

तिथेच बसून मजकूर लिहून दिला. मास्तरांनी माझा कागद वाचला. पुन्हा वाचला. "वहिनी, धर्माजी माझा वर्गसोबती आहे. हे छापलं तर तो..."

"तो माझा नवरा आहे," मी म्हटलं. "पावती द्या."

हरवलेल्या म्हशीच्या खाली छापून आलं आहे ते असं:

'जाहीर खुलासा. चुलीजवळून या सदरातील गेल्या अंकापूर्वीच्या अंकातल्या, डब्याच्या दुधाविषयीच्या ओळी माझ्या नाहीत. माझी मुलगी प्रेमला डब्याच्या दुधावर वाढली नाही. बकरीच्या दुधावरही वाढली नाही. मी आजारी असताना सातपाटीच्या लाडकी यांनी तिला चार महिने अंगावर पाजले. ही गोष्ट मी एकवीस वर्षे लपवली. वालाचे व बोंबलाचे जे चुकीचे लिहिले ते मात्र माझे होते, त्याबद्दल वाचक भगिनींची क्षमा मागते. हे सदर आजपासून बंद. पुष्पलता धर्माजी राऊत, केळवे.'

पुस्तकावर नाही आलं, इथे आलं माझं नाव.

बाबांनी ते न्हाव्याच्या दुकानात वाचलं. चार माणसांसमोर. अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले, ओटीवर बसले. मी समोर उभी राहिले. ओरडतील, ताट फेकतील, मला घराबाहेर काढतील, सगळ्याची तयारी केली होती. ते अंगणात बघत म्हणाले, "मग ती बकरी कशाला होती?"

मग माझ्याकडे वळले.

"मी रविवारी यायचो तेव्हा तिला पाला आणायचो," ते म्हणाले. "तिच्या पायाला हात लावायचो. माझी पोर जगवलीस म्हणायचो. तुम्ही सगळ्या बघत होता."

हो, बघत होतो. आजी, मी आणि मागच्या दारात लाडकी. तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. जेवतात, वाडीत जातात. मला त्यांचा राग येत नाही, हे नवलच.

लाडकीला कोणीतरी बाजारात वाचून दाखवलं. आली ती अंगणाच्या कडेला थांबली. "माई, मागल्या दारानं येऊ की कसं?"

"पुढून ये," मी म्हटलं. मग तो अंक तिच्या हातात दिला. विचारलं, हा कागद नेतेस?

"बोंबील सरले, माई," ती म्हणाली. मग अंक नीट घडी करून कमरेला खोचला. "कागद हाय तर बोंबील आनते."

आता सदर नाही. यानंतर तुला कागद जाणार नाही. जो एकच धागा होता तो माझ्या हातानं तोडून त्याच्या टोकाला खरं तेवढं बांधून पाठवलंय. पोचेल की नाही, पोचलं तर तू वाचशील की बोंबील काढून कागद चुलीत घालशील, मला काही ठाऊक नाही. होळी आली. तुझ्या हातचा नैवेद्य दोन वर्षं नाही.

माई


केळवे, ८ मे १९६७

चि. प्रेमला हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र मात्र पोस्टात पडणार आहे. वहीची पानंही फाडून सोबत घातली आहेत, पहिल्यापासूनची. खोटं आहे तेही ठेवलं आहे.

तुझं कार्ड काल आलं. पोस्टमननं ते सगळ्या आळीत वाचूनच माझ्या हातात दिलं असणार, वाचो बापडा. मला पाठ झालं आहे, तरी पुन्हा लिहिते, लिहिताना बरं वाटतं. 'सौ. माईस. डब्याच्या ओळी वाचून कागद फाडला होता. लाडकीआयला सांगणार होते, यापुढे बोंबील फडक्यात बांध. मग खुलासा आला. त्यात एक चूक आहे. चार महिने नव्हेत, सात. १९ एप्रिलला मुलगी झाली. मला दूध पुष्कळ आहे.' आणि खाली पत्ता. देवगड बंदर, बर्फाच्या कारखान्यामागे. मी तो बोटानं कितीदा गिरवला.

सातच होते, बाय. मला ठाऊक होतं. उंबरांतलं पाणी चुकून पडलं, बोंबील मुद्दाम भिजवले, पण हे चार तिसऱ्याच जातीचे. चौथ्या महिन्यात मी उठून चालायला लागले होते. तुला जवळ घ्यायची, तर तू माझ्या मांडीवर रडायचीस, आणि मागच्या दारी टोपली उतरल्याचा आवाज आला की रडं थांबवून तिकडे मान वळवायचीस. तीन महिने रोज मी ते पाहिलं. गावाला सगळं सांगेन पण ते तीन महिने सांगणार नाही, असं माझ्या मनानं मला न विचारता ठरवलं असावं. छापखान्यात बसून एवढं खरं लिहिलं आणि त्यातही तेवढं चोरलं. तू बरोबर तिथेच बोट ठेवलंस.

बाबांना कार्ड दाखवलं. वाचून परत दिलं. पण आज सकाळी लाडकी आली तेव्हा ते ओटीवर होते. ती अंगणात उभी, डोक्यावर भरलेली टोपली, आणि मी आत पिठाच्या हातानं. बाबा उठले, खाली उतरले आणि तिच्या टोपलीला हात देऊन ती खाली उतरवून घेतली. या घरातल्या पुरुषानं ते कधी केलेलं नाही. मग वाडीत जाऊन केळ्यांचा एक घड तोडून आणला आणि मला म्हणाले, "उंबरांना लागतील." पावणेदोन महिन्यांतलं पहिलं वाक्य. पाणी घालणार नाही.

पावसाळ्याआधीच्या बोटी अजून चालू आहेत. पुढच्या सोमवारी निघतो. बाबा येत नाहीत, अजून नाही, पण डब्यात उंबरं त्यांनी स्वतः मोजून भरायची म्हणतात. बोटीत माझ्याबरोबर लाडकी आहे. तुझ्या दारात पोचलो की आधी तिला आत घे, मग मला.

तुझी माई